साडेअकराचा कार्यक्रम

साडेअकराला लाल दिवा लागतो
आणि रणधीर सरनोबत कोटाचं वरचं बटण लावतात.
खाली पायजमाच. टेबलाखालचं कोण बघतंय.

राजारामपुरीत दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान.
मी काचेपलीकडं, कानाला हेडफोन.
तीन वर्षं झाली,
त्यांना खोकला आला की फेडर खाली ओढते.

"ते नवीन यंत्र म्हणे कविता करतंय.
करू दे की!
पण त्याला म्हणावं, एकदा तालमीत ये,
लाल मातीला पाठ लागू दे,
मग सांग आभाळ कसं दिसतंय."
फोन खणखणतात. बावडा, कळंबा, उचगाव.
नाद खुळा, साहेब!
मग मनगटावरच्या घड्याळाला शिव्या,
का, तर ते पावलं मोजतंय.

काल एक फोन आला. सावकाश बोलणारा माणूस,
पाठीमागं पंख्याची घरघर.
"दादू वडणगेकर बोलतोय. थेटरात मशिनीवर होतो.
तुमची पहिली वायर आमच्या गच्चीवरनं गेली बघा.
पोरगं शिडीवर, वारं सुटलेलं,
खिळा मीच ठोकून दिला.
त्या दिवाळीला शेवटचा खेळ. अकरा माणसं.
त्यातली दोन आमच्या घरची.
राग न्हाई, साहेब. रोज बघतो तुम्हाला.
झोप लागत न्हाई न्हवं."

सरनोबत गप्प.
साबणाची जाहिरात तयार होती,
बटणावर बोट होतं.
नाही दाबलं.
मीटरची सुई पडून राहिली
आणि तेवढी घरघर जिल्हाभर गेली.

"खिळा आहे का हो अजून?"
"हाय की. इंटरनेटची तार बांधलीया त्याला."

एकनंतर गंगावेशीत आलो.
म्हशी उभ्या, ग्लासात धार, वर बोटभर फेस.
त्यांनी पाचशेची नोट काढली.
सुट्टं न्हाई म्हणत गवळ्यानं
खांबाला लटकवलेला कोड दाखवला.
मी मोबाइल पुढं केला. कोपऱ्यातला डबा ओरडला:
ऐंशी रुपये प्राप्त झाले.
म्हशीनं कानसुद्धा हलवला नाही.

सरनोबत त्या डब्याकडं बघत राहिले,
मिशीवरचा फेस तसाच.
मग म्हणाले,
"आवाज बरा आहे गं.
पण खोकत नाही."