पिसांचा खण

अल ऐनला ससाण्यांच्या दवाखान्यात
माझं काम अर्ज भरायचं.
वजन, वय, पायातल्या कड्याचा नंबर,
मालक (रकाना अपुरा पडतो, आजोबा-पणजोबा बाहेर राहतात),
गंतव्य.

नोव्हेंबर लागला की गंतव्याच्या रकान्यात
मी दिवसातून चाळीसदा टंकतो
रहीमयार खान.
आणि फरशी पुसता पुसता अल्लाडिवाया
चाळीसदा मान वर करतो.

त्याचं गाव तिथून दोन तासांवर, चोलिस्तानच्या वाळूत.
तीन वर्षं झाली, रजा नाही.
त्याचा पासपोर्ट कफिलाच्या कपाटात,
ससाण्याचा माझ्या टेबलावर.
शिक्का सुकला की पॅडमध्ये शाई
अल्लाडिवायाच ओततो.

त्यानं हे सलग कधी सांगितलं नाही.
लावे सोलताना थोडं,
कँपची बस चुकली तेव्हा थोडं.
बाप मेंढ्यांमागे. एका थंडीत
गोफणीनं एक तिलोर पाडला.
एकच.
अकरा दिवस कोठडी, वर दंड,
दंडापायी बारा मेंढ्या.
त्याच आठवड्यात त्याच माळावर
सरकारी कागद घेऊन पाहुणे उतरले.
कागदावर शंभर पक्षी, दहा दिवस.

मोजायला कुणी होतं का, मी विचारलं.
होता ना, माझा भाऊ. रोजंदारीवर.
पण पक्षी मोजायला नव्हे,
गावातलं कुणी आत शिरू नये म्हणून.

ही तर सरळसरळ बळी तो...
थांब पडवल भाई, तो म्हणाला.
(माझा ळ त्याच्या जिभेला सापडत नाही.)
आमच्याकडचा दवाखाना त्यांनीच बांधला.
अम्माचे दोन्ही मोतीबिंदू काढले, फुकट.
आता तिला लांबचं लख्ख दिसतं.
उंबऱ्यात बसून तंबू मोजते.

कोर्टानं एका साली नाही म्हटलं होतं.
पुढच्या साली त्याच कोर्टानं हो म्हटलं.
वकिलांनी सांगितलं म्हणे, परराष्ट्र धोरण आहे.
एवढंसं पाखरू, सव्वा-दीड किलोचं,
त्याच्या पाठीवर काय काय ठेवलंय.

मग मी माझं सांगितलं.
मी नान्नजकडचा, उत्तर सोलापूर.
आमचा माळढोक म्हणजे तुझ्या तिलोरचा थोरला चुलता.
त्याच्यासाठी माळ राखला, कुसळं राखली.
स्वतःच्या रानात विहीर घ्यायला
वडील आठ वर्षं कागद हिंडवत होते.
मी चौथीत असताना एक दिसला.
लांबून वाटलं, कुणीतरी वाकून काही शोधतंय.
त्यानंतर नाही.

तुमच्याकडे कोण पाहुणे येत होते?
कुणीच नाही.
मग कुणाला दिला?

मी शिक्का मारला. वाकडा बसला, पुन्हा मारला.

आज जो ससाणा आला
त्याची उजवीकडची तीन पिसं मोडलेली.
हे काम रोमेलचं, तो रजेवर मनिलाला.
(त्याला मिळते.)
डॉक्टर म्हणाल्या, अल्लाडिवायाचा हात चांगला आहे.
पगार नाही म्हणाल्या, हात म्हणाल्या.

पीस तिरकं बसलं तर पक्षी झुकतो,
झेप चुकते, सावज निसटतं.
दोघांनाही ठाऊक.
मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

त्यानं जुन्या पिसांचा खण उघडला,
मेलेल्या, विकलेल्या, म्हाताऱ्या पाखरांची पिसं,
लांबीनुसार लावलेली.
एकेक उजेडात धरलं, ठेवून दिलं.
चौथं निवडलं.
बांबूची काडी घासली, बोटानं पाहिली, पुन्हा घासली,
पोकळ दांडीत सरकवली.
गोंदाचा थेंब. फुंकर.
असं तीनदा.

अगदी सरळ बसवली. जोड शोधून सापडेना.

गुंगीतल्या पाखराच्या डोक्यावर टोपी चढवून
हात धुवायला वळला,
आणि नळ चालू ठेवूनच म्हणाला,
तिकडे आता थंडी पडली असेल.

मी फोनमध्ये पाहिलं.
नऊ अंश, म्हणालो.