उशिराचा नकाशा

रात्री साडेअकरानंतरच हात लावते मी यंत्राला.
त्याआधी हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या जातात, दोन-दोन जोडलेल्या,
गाणी लावून,
आणि सागरमाळावरच्या या तळमजल्यात
पडद्यावरचे काळे-पांढरे पट्टे
बुजलेल्या मेंढरांसारखे हलतात.
दस्तगीरमामा बाहेर स्टुलावर. त्यांना सांगून ठेवलंय,
दार आपटायचं नाही.

काचेवर माझ्याच गालातल्या पेशी.
कापसाचा बोळा फिरवला, थेंबात सोडला, झाकला.
साध्या भिंगाखाली काही नाही.
म्हणजे आहे, पण पाण्यात पाणी असावं तसं.
रंग घातला तर दिसेल.
रंग घातला की बहुतेक मरेल.

तर रंग नाही. उजेडाचेच दोन वाटे करायचे,
एक पेशीतून धाडायचा, एक बाजूनं मोकळा,
आणि पुढं दोघांची गाठ घालून द्यायची.
पेशीतून आलेला मागं पडतो.
इतका थोडा, की कुठल्या घड्याळाला पत्ता लागू नये.
पण पट्टे तेवढ्यानं वाकतात.

पुस्तकात याला कला म्हणतात, चंद्राची असते तीच.
मी उशीर म्हणते.
कॅमेऱ्याला उशीर कळत नाही,
त्याला फक्त किती उजेड आला तेवढं मोजता येतं,
कधी आला ते पट्ट्यांना विचारावं लागतं.

आज आबा आलेत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय,
दुसऱ्याची तारीख पुढच्या महिन्यात.
राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर झोप येईना म्हणाले.
अडतीस हंगाम काहिलीपाशी गेलेला माणूस,
जागायची सवय.
कधी मीटर लावलं नाही त्यांनी पाकाला.
गार पाण्यात थेंब सोडायचे, बोटात वळायचे,
आणि मला, सात वर्षांच्या मला, दाखवायचे:
बघ, पाक उतरताना पाणी कसं चुरगळतंय.

"काय दिसतंय?"
नव्या डोळ्यानं वाकून बघितलं त्यांनी.
"रिकामंच हाय की गं."
"थांबा, दाखवतो," मी म्हटलं,
गावचीच झाले क्षणभर.

गणित सुरू केलं. आधी सगळा गोंधळ,
कारण एक पूर्ण फेरा उशीर झाला
की यंत्राला वाटतं, वेळेवरच आला.
ते फेरे सोडवत बसावं लागतं, एकेक कडा जुळवत.
(दिवाळीला नाही गेले मी. त्याच्या आदल्या दिवाळीलाही नाही.
आबांनी विचारलं नव्हतं.)

मग ती वर आली.
कडेला पातळ, मध्ये उंचवटा,
वाफ्यातून नुकत्या काढलेल्या ढेपेसारखी,
जिवंत.

आबा बराच वेळ गप्प.
मला वाटलं, विचारतील, हे कशाला लागतं, पगार किती.
"वजन किती भरतंय?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.
गेल्या महिन्यात चाळीस जणांसमोर बोलले होते यावर,
हे कुणी विचारलं नव्हतं.
"भरतं," मी म्हटलं. "उशिरावरूनच काढता येतं.
पाणी सोडून बाकीचं."
"म्हंजे आटवून उरतंय ते."
"हो."
"मग गूळच की."

आकडा सांगायला मी पडद्याकडे वळले
तर पट्टे थरथरू लागले.
लांबून गाणं येत होतं, शेवटची खेप असणार.
"जाऊ दे तिला," आबा म्हणाले,
आणि टेबलावर टेकलेला हात
अलगद उचलून घेतला.