शेवटचं बरं पाहिलं तेव्हा

मेंदूचे दोन-दोन मिलिमीटरचे काप करायचे
पोलादी साच्यात ठेवून, दाढीच्या पात्यांनी,
हा बटाटा नव्हे, असं हाताला आधी बजावून.
मग क्षाराच्या पाण्यात बुडवायचे,
सदतीस अंशांवर, वीस मिनिटं.
जगलं ते विटेसारखं तांबडं होतं.
गेलं ते पांढरंच राहतं.
नवख्या पोरांना हे उलटं वाटतं,
लाल म्हणजे जखम, असं धरून चालतात ती.

कुओपिओत नोव्हेंबरात तीनलाच अंधारतं.
तळघरात ते कळतही नाही.
ओस्मो दिव्याखाली पांढरं मोजतो, मी आकडे लिहिते.
सव्वीस उंदीर. तेरांना औषध, तेरांना नुसतं मिठाचं पाणी,
कुणाला काय, ते सिर्काला ठाऊक, आणि ती सांगत नाही.
माझ्या कपाटात एक यादी आहे:
उंदरांना तारलेली, माणसांत पाणी ठरलेली औषधं.
लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात.
आम्ही उंदीरच पोखरत बसलोय.

उंदराचं एक बरं असतं, वेळ माहीत असते.
धमनीत दोरा मीच सरकवते, दहा वाजून चार मिनिटांनी,
काढते अकरा चौतीसला.
तेवढ्यात गाभा जातो,
पण त्याच्याभोवती, ग्रहणाला असते तशी, उपच्छाया:
तिथल्या पेशी बोलत नाहीत, मेलेल्याही नसतात,
रक्ताची वाट बघत पडून असतात.
माझी बावीस वर्षं त्या पट्ट्यात गेली.

वडील सापडले होडीघराच्या पायरीवर.
पोस्टवालीला आधी एक बूट दिसला, बर्फात.
इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरनं मला तेच विचारलं
जे विचारायला त्याच्या वर्गाला मीच शिकवलं होतं:
शेवटचं बरं कधी पाहिलंत त्यांना?

मिनिटाला एकोणीस लाख पेशी.
पण हिशोब कुठल्या मिनिटापासून लावू?
पोस्टवालीनं पाहिलं सोमवारी.
शेजारच्या हिल्क्काला धुराड्यातून धूर दिसला, बहुधा काल.
धूर दिसणं म्हणजे बरं पाहणं का?
आणि मी?
अकरा दिवसांपूर्वी, फोनवर.
जाळ्याला भोक पडलंय म्हणत होते,
मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहे.

डॉक्टरनं रकान्यात लिहिलं: अज्ञात.
मग स्कॅनवर आम्ही दोघं उपच्छाया शोधत राहिलो.
एक बारीक किनार होती, नखाएवढी.
किनारीसाठी एवढा धोका कुणी घेत नाही.
मीही घेतला नसता.

आता त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय. शुक्रवार.
मीठ हवं, शुक्रवार. गुडघा दुखतोय, शुक्रवार.
आईच्या फोटोकडे बघून, हळूच, शुक्रवार.
चिडले की तोच, दोनदा.
आठवड्यातून एकदा ते बरोबर असतात.
त्या दिवशी वाचा शिकवणारी बाई टाळ्या वाजवते
आणि ते तिच्याकडे रागानं बघतात,
त्यांना कॉफी हवी असते.

चौदा नंबरच्या उंदराचा आज तिसरा दिवस.
फटीतून लुळा पंजा घालतो,
साखरेची गोळी सांडतो, परत घालतो.
मी सिर्काला म्हटलं, याला आठवडाभर ठेवू या.
ती म्हणाली, ठरलंय त्यात बसत नाही.
खरं आहे. ठरवलेलं मीच होतं.
उद्या त्याचे काप.

रोज सकाळी सात दहाला मी फोन करते.
पलीकडे आधी श्वास, खुर्ची सरकल्याचा आवाज.
मी विचारते, जाळं झालं का विणून,
डाव्या हातानं गाठ बसते का.
शुक्रवार, म्हणतात.
बरं, म्हणते मी,
आणि वहीच्या समासात, उंदरांच्या आकड्यांशेजारी,
वेळ लिहून ठेवते.