राखीव

इनास रेबेलो मास्तरांबद्दल विचारायचं असेल
तर गोल मारणाऱ्यांना विचारू नका.
ते तेव्हा मैदानात होते, पाठमोरे.
मला विचारा. मी बाकावर होतो,
सात हंगाम, त्यांच्या डाव्या हाताला,
राखीव गोलरक्षक, जर्सी नंबर बारा.
बाहेर ते ओरडायचे, "बॉल धांवूं दी, तूं राव!"
आणि ओठांच्या आत, सबंध नव्वद मिनिटं,
नमान मारये.

माणूस असोळण्याचा. गुडघा फुटला चिंचणीच्या स्पर्धेत,
बक्षिसाला होतं डुकराचं पिल्लू.
काका बोटीवर, भाऊ कुवेतला,
हे मात्र एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले पाळीला,
खाणकंपनीच्या वजनकाट्यावर.
कागदावर कारकून. चारनंतर मास्तर.

संघ म्हणाल तर दोन टिपर ड्रायव्हर,
बार्जवरचा एक खलाशी, एक वेल्डर,
आणि भजनात पेटी वाजवणारा लेफ्ट बॅक
जो गुरुवारी यायचा नाही.
मैदान लाल. चेंडू लाल. थुंकीसुद्धा लाल.
मध्यंतरापर्यंत दोन्ही संघ एकाच रंगाचे
आणि रेफ्री रडकुंडीला.

सांतानबाय जर्सी धुवायच्या. दहा पाण्यांतून काढल्या तरी लाल.
माझी नुसती झटकून घडी घालायच्या.
एकदा म्हणाल्या, "गुणो, तुझ्या जर्सीन
म्हाका केन्नाच त्रास दिवंक ना."
मी हसलो. मास्तर हसले नाहीत.
दुसऱ्या दिवशी सरावाला त्यांनी मला गोलात उभं केलं,
तासभर डावी-उजवीकडे लोळवलं,
मग म्हणाले, "जा, आतां तिका व्हरून दी."

मध्ये वास्कोच्या एका मोठ्या क्लबानं नेलं त्यांना.
अकरा महिने. फिजिओ, बर्फाची पेटी,
सामन्याआधी हॉटेलात जेवण.
परत आले तेव्हा ट्रंक तीच.
काय झालं ते कधी सांगितलं नाही, फक्त एवढंच:
"थंय बांकार कोणूच उलयना."

मग खाणी बंद पडल्या.
टिपर उभे राहिले, टायरांभोवती गवत चढलं.
संघ बरखास्त झाल्याचं आम्हाला कळलं
एका ओळीच्या नोटिशीतून,
कॅन्टीनच्या नव्या दरांच्या खाली.
मास्तरांनी गोलाच्या जाळ्या तेवढ्या मागून घेतल्या.
भातकापणी झाली की शेतात पोफळीचे खांब रोवायचे,
धसकटांतून अनवाणी पोरं पळवायचे.
मे संपेपर्यंत मैदान. जूनमध्ये पुन्हा शेत.
गावड्यांची रेश्मा तिथलीच, आता राज्याकडून खेळते.
तिस्कावर तिचा फलक आहे,
शुभेच्छुकांचे चेहरे तिच्यापेक्षा मोठे.
मास्तरांचं नाव मी दोनदा शोधलं.

आता सांतानबाय नाहीत. मास्तर ऐंशीचे झाले,
मला कधी वेल्डर म्हणतात, कधी पास्कोल.
संध्याकाळी मी त्यांना बांधावर नेतो.
ते प्लास्टिकच्या खुर्चीत. मी दगडावर, डाव्या हाताला.

परवा पोरांचा सामना चालला होता, शून्य-शून्य.
मास्तर एकदम वळले, पूर्ण जागे.
"गुणो. तयार जा."

मी एकसष्ट वर्षांचा. साखर, दोन स्टेंट.
चपला काढल्या. बांधावरून धावलो,
गुडघे उंच, हात गोल फिरवत, पाच फेऱ्या.
पोरं चेंडू सोडून बघत राहिली.
मास्तर घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघत होते,
ओठ हलत होते.

धापा टाकत समोर उभा राहिलो.
त्यांनी मला वरून खाली पाहिलं,
मग मैदानाकडे, बराच वेळ.
"आयज न्हंय," म्हणाले. "फुडल्या म्यॅचीक."

बसलो.
शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.
तो धुवायला टाकायचा की नाही
अजून ठरलेलं नाही.