घडी

सेवेरिननं यंत्र आणलं ते न्हाऊमाखू घातल्यासारखं.
फटीफटीतून ब्रश फिरवलेला,
एकेक बटण कापसाच्या काडीनं पुसलेलं.
"बाबांचं आहे," म्हणाला, "अटारी.
मागच्या नोव्हेंबरात गेले ते. चालू करून द्या फक्त."

फक्त.
या एका शब्दावर माझी चाळीस वर्षं गेली.

चालू केलं. पडदा तपकिरी झाला.
निळा व्हायला हवा होता, वर कोपऱ्यात 'रेडी' लिहून
कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून थांबायला हवा होता.
हा नुसता तपकिरी,
कपाच्या तळाशी गाळ धरून राहिलेल्या कॉफीसारखा.

झाकण काढलं.
आत कंपनी थोडी आणि अलोईझी जास्त.
मेमरीच्या चिप्सवर दुसऱ्या चिप्स पाठुंगळी बसवलेल्या,
आठांवर आठ.
पिवळ्या-हिरव्या वायरी खाणीतल्या टेलिफोनच्या,
मी ओळखते, माझा भाऊ त्याच खाणीत होता,
त्याच्याही घरी अशाच वायरीवर कपडे वाळायचे.
डाव्या कुशीला भोक पाडून बसवलेला खटका,
आणि बाजूला पेन्सिलीनं:
इकडे जुनं. तिकडे माझं.

संशय अर्थात त्याच्यावरच.
आगंतुक वायर म्हणजे गावात आलेला परका माणूस,
चोरी झाली की आधी त्याला धरायचं.
पाच व्होल्ट मोजले, पाचच होते.
क्लॉकची नाडी पाहिली, लागत होती.
भिंग लावून एकेक जोड हलवून पाहिला,
एकही डाग कच्चा नाही. गोल, चकचकीत,
जमिनीखाली सहाशे मीटरवर दिवसभर वायरी जोडून
वर येऊन पुन्हा वायरीच जोडणाऱ्या माणसाचा हात.
मनातल्या मनात माफी मागितली
आणि तरीही संशय घेतच राहिले.

तीन संध्याकाळी अशा गेल्या.
चौथ्या दिवशी कंटाळून उठताना तोल गेला,
आधाराला बोर्डावर अंगठा पडला,
पडदा निळा.
अंगठा उचलला, तपकिरी.
ठेवला, निळा. रेडी.

अंगठ्याखाली सॉकेट होतं, सैल पडलेलं.
कंपनीचं. अलोईझीचं नव्हे.
आणि त्यातल्या चिपच्या पाठीवर, दिवा तिरपा धरल्यावर,
एक फिकट चौकोन, त्यात उलटी उमटलेली अक्षरं.
आरसा आणून वाचली:
दुसरी पाळी. सूप.

सेवेरिनला फोन केला. साफ करताना आतून काही काढलंस?
"कचरा तेवढा. एक कागद होता, चार घड्यांचा,
झाकण आणि चिपच्या मधे कोंबलेला.
कँटीनचं जुनं कुपन असावं. फेकून दिला."

बितॉममध्ये जन्म काढून मला हे सुचू नये!
पायाखालचा कोळसा सगळा उपसून नेलेला,
माझ्याच स्वयंपाकघरात सांडलेला वाटाणा
न विचारता खिडकीकडे घरंगळतो.
इथं प्रत्येक टेबलाच्या एका पायाखाली
पुठ्ठ्याची घडी असते.
नवी सून केर काढताना ती काढून टाकते,
रविवारी जेवताना सूप कलतं, मेजपोस भिजतो,
कुणी रागावत नाही.
सासरा उठतो आणि नवी घडी करतो.

सॉकेट बदललं. ते माझं काम, ते मी केलं.
आता अंगठा लागत नाही, कागद लागत नाही,
खटका इकडे केला तरी निळा, तिकडे केला तरी निळा.
सेवेरिन कोट न काढता उभा राहिला.
तिकडे करून बराच वेळ बघत होता.

मग पैसे दिले, पावती घेतली,
आणि मी झाकण लावणार तेवढ्यात
त्यानं त्या पावतीची घडी घातली,
एक, दोन, तीन,
आणि माझ्याकडे पाहिलं.

"चार," मी म्हटलं.