दाराआडची पिशवी

मार्चचा पहिला रविवार.
गालिचा गुंडाळून मी पिशवी फरशीवर उपडी करते
आणि तुंजाय यादी वाचायला बसतो,
ऑफिसात जमिनीच्या नोंदी वाचतो त्याच आवाजात.
टॉर्च. पेटतो.
शिट्टी. एल्वान फुंकून बघते,
खालच्या मजल्यावरून मुअल्लाबाईंचा कुत्रा हजेरी देतो.

बिस्किटं गायब. कुणी खाल्ली ते कुणी विचारत नाही,
मी तर मुळीच नाही.
फुटाणे आहेत. जर्दाळूंचे दगड झालेत.
लिंबाच्या कोलोनची बाटली निम्मी उडून गेली आहे
झाकण न उघडता.

ही यादी तुंजायच्या वडिलांची, रिफ्कीबाबांची.
इस्तंबूलच्या या टोकाला, त्या ऑगस्टच्या रात्री
चार जिने अंधारात उतरून ते रस्त्यावर आले
तेव्हा त्यांच्या हातात टीव्हीचा रिमोट होता.
उजाडेपर्यंत सोडला नाही.
कुणी पाणी दिलं, तेही डाव्या हातानं प्यायले.
पुढे पंचवीस वर्षं सांगत राहिले:
घाबरलेला माणूस हाताला लागेल ते उचलतो.
हाताला काय लागावं, तेवढं आधी ठरवा.

तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, तर
आमची विहीर पलंगाखाली,
चार खोके, एकेकात बारा बाटल्या.
चार माणसं, तीन दिवस, माणशी चार लिटर,
वहीच्या पहिल्या पानावर बाबांच्या अक्षरात गुणाकार,
अठ्ठेचाळीस, खाली दोन रेघा.
जुनं पाणी मी कुंड्यांना घालते.
आमच्या जिरेनियमला दर सहा महिन्यांनी
न झालेल्या भूकंपाचं पाणी मिळतं.

एल्वानचे बूट निघतात, अठ्ठावीस नंबरचे.
तिला आता एकतीस लागतो.
पिशवीत नेहमी एक धाकटी एल्वान राहते,
तिचे मोजे, तिचा सशाचा स्वेटर,
वर्षभर दाराआड तयार उभी.
मी स्वेटरची घडी घालते, उलगडते, परत घालते.
बरं झालं, हिला पळावं लागलं नाही.

"बाबांच्या गोळ्या," तुंजाय वाचतो
आणि पुढची ओळ वाचत नाही.
रक्तदाबाच्या. दोन पट्ट्या, न फोडलेल्या.
मुदत पुढच्या नोव्हेंबरपर्यंत.
बाबा डिसेंबरात गेले, पलंगावर, भर दुपारी,
जमीन अगदी स्थिर असताना.

"मग पाणी आता छत्तीस का?" एल्वान विचारते.
हिशेब बरोबर आहे तिचा, शाळेत पाढे चाललेत.
तुंजाय पेनाचं टोपण काढतो, लावतो.
मी म्हणते, मुअल्लाबाईंकडे पिशवी नाही.
विचारलं की म्हणतात, देवाच्या मनात असेल तसं,
आणि संध्याकाळी डबा उघडायची चावी मागायला येतात.
राहू दे अठ्ठेचाळीस.
"आणि कुत्र्याचं?" तुंजाय म्हणतो,
आणि माझ्याकडे न बघता
यादीच्या तळाशी लिहितो: वाडगा, एक.

गोळ्यांचं काही ठरलं नाही.
त्या फ्रिजवर आहेत.

रात्री बूट पलंगाशी, तोंडं दाराकडे.
अडीचच्या सुमारास खिडकीची काच किणकिणते.
दोघंही जागे. दोघंही मनात मोजतोय,
एक, दोन, तीन, चार,
ट्रक.
हायवेकडे वळला, गिअर बदलला.
बराच वेळ कुणी कूस बदलत नाही.
"ती चावी," तुंजाय अंधारात म्हणतो,
"त्यांच्याकडून परत आणलीस का?"