अंतराचा दाखला

गटशिक्षण कार्यालयाचं पत्र आलं:
मुंजेवस्तीची शाळा, पट सात.
जवळच्या शाळेपासूनचं अंतर मोजून
केंद्रप्रमुखांनी दाखला द्यावा,
सोमवारी, दोन प्रतींत.

माझ्या केंद्रात अकरा शाळा.
तालुक्याच्या नकाशावर पंजा ठेवला
की सगळ्या झाकल्या जातात,
करंगळीखाली बोरी नदी येते.

मोटारसायकलचा आकडा नऊ घरं सरकला.
नऊशे मीटर. किलोमीटरच्या आत.
पेनाचं टोपण मी तिथंच काढलं होतं.

शिवशरण मॅडमनी फळा पुसला,
हात झटकले.
म्हणाल्या, सर, आता गणिताचाच तास आहे.

निघालो.
पुढं सैपन, ज्याच्याकडं घंटा असते
(घंटा म्हणजे ट्रॅक्टरची गंजकी तबकडी,
ठोकायचा बोल्ट तो घरी नेतो),
मागं पहिलीतली लक्कव्वा,
भावाच्या चपलांत, पुढं दोन बोटं जागा मोकळी.
तिला म्हटलं, तू मोज.

ओंदु, एरडु, मूरु...
विसापर्यंत घरचं.
मग जरा अडखळली, उंबरा लागावा तशी,
आणि एकवीस म्हणाली,
बावीस, तेवीस,
शाळेचं.

शंभर झाले की सैपन खिशात खडा टाकी.
चौथ्या खड्याला ज्वारीचं रान संपलं.
नवव्याला ओढा:
सिमेंटचे तीन पाइप, वर माती,
चौथा पाइप कुठं गेला कुणी सांगत नाही.
मॅडमनी लक्कव्वाला उचलून पार केलं
तर ती रडवेली, माझी पावलं राहिली की!
माझी धर गं.
तुमची मोठी हैत.
परत अलीकडं गेली,
चपला हातात घेऊन पाण्यातून आली.
सव्वीस.

चौदाव्या खड्याला नवा चौपदरी रस्ता.
टँकर. उसाची जोडट्रॉली. पुन्हा टँकर.
दुभाजकाच्या फटीत
आम्ही नऊ जण आडवे होऊन उभे,
एकमेकांचे दंड धरून.
ट्रॉलीचा वारा गेल्यावर लक्कव्वानं विचारलं,
सर, थांबलेलं मोजायचं का?

मला उत्तर आलं नाही.
एकवीस वर्षं शिकवलंय मी,
लांबी, रुंदी, वेळ, वजन.

पलीकडची शाळा चांगली आहे. चार खोल्या, रंगीत भिंती.
मुख्याध्यापकांनी पाणी दिलं,
खिडकीतून त्यांची मुलं आमच्याकडं बघत होती.

परत आलो तेव्हा इरव्वानं खिचडी झाकून ठेवलेली.
मी टेबलाशी बसलो.
अंतर या रकान्यात नऊशे मीटर लिहिलं,
खोटं कसं लिहिणार.
शेऱ्याला बोटभर जागा होती,
त्यात ओढा मावला, रस्ता अर्धाच.

सैपननं खिसा उलटा केला.
एकवीस खडे, आणि एक छोटा,
वरच्या छत्तीस पावलांचा.
सर, हे पण जोडा.

म्हटलं, बाळा, त्यांनी दोन प्रती मागितल्यात.

लक्कव्वा खिचडीचं ताट सरकवून उठली
आणि चपला शोधायला लागली.